अळणी सोमवार

मडकं रिकामं झालं होतं, म्हणून अमिषाने काउंटरखालून मिठाची एक किलोची पिशवी काढली, तिचा कोपरा दाताने फाडला आणि सगळं मीठ मडक्यात ओतून दिलं. एवढंच झालं. सळसळ असा बारीक आवाज आला, आणि तो ऐकून भाविकाच्या अंगावर काटा आला. आईचं मीठ असं ओतलं जात नसे. मिठागरातलं मीठ ओलसर, जाड, एकमेकांना धरून बसलेलं. ते बोटांनी उकरावं लागतं, आणि पडताना खडे पडल्यासारखं पडतं. बेलापूरच्या त्या थंडगार हॉलमधल्या शंभर-दीडशे माणसांत आवाजाचा हा फरक आपल्या एकटीलाच कळला, हे तिच्या ध्यानात आलं, आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिने उगाच इकडेतिकडे पाहिलं. अमिषाने रिकामी पिशवी चुरगाळून कचऱ्यात टाकली, मडक्यावर पडणारा दिव्याचा झोत सारखा केला आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला ती म्हणाली, "चिमूटभरच हं. सखुबाईंचं आहे. आधी जिभेवर, मग पहिला घोट." त्या मुलाने डोळे मिटून जिभेवर मीठ ठेवलं, बाटली तोंडाला लावली, आणि त्याच्या मागचे सगळे एका सुरात ओरडले, "सोमवार सोडला!"

सखुबाई म्हणजे भाविकाची आई. बाटलीवर तिचंच चित्र होतं, कोळशाने काढल्यासारखं. डोक्यावर पदर, कपाळावर उन्हाच्या आठ्या, आणि चित्रकाराने जरा जास्तच खोल नेलेले डोळे. खाली नाव, 'अळणी'. खारट-आंबट चवीच्या, मीठ घातलेल्या बिअरला अळणी म्हणायचं ही कल्पना मालकाची, निकेतची. पण बाटल्या एक हजार आठच काढायच्या, ही भाविकाची. "हजार का नाही? हिशेबाला बरं पडेल," असं बिअर बनवणाऱ्या अल्पेशने विचारलं होतं, तेव्हा "एक हजार आठमध्ये देव आहे," असं ती म्हणाली होती, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन तिने त्या दिवशी कॉफी दोनदा घेतली होती. तीन आठवडे त्यांनी लोकांना बाटली दाखवलीच नाही. पहिल्या सोमवारी मोबाईलवर टाकला तो नुसता एक हात, मिठाने चिरलेला. दुसऱ्या सोमवारी मडकं. तिसऱ्या सोमवारी एक ओळ: 'जिने आयुष्यभर मीठ पिकवलं, तिने बावीस वर्षं ते चाखलं नाही. मुलगी जगावी म्हणून.' मग सांगितलं, फक्त सोमवारी मिळेल, अकरा वाजून अकरा मिनिटांनी, माणशी एक, पुन्हा निघणार नाही. आणि माणसं आली. पुण्याहून आली. रांग खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेली. एक जण म्हणत होता की तो बाटली उघडणारच नाही, काचेच्या कपाटात ठेवणार. एका मुलीचे डोळे लेबल वाचताना खरोखरच भरून आले होते, आणि ते पाहून भाविकाला सकाळी बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं, हे आता आठवलं.

बावीस वर्षं चाखलं नाही, हे खरं नव्हतं. आई फक्त सोमवारी मीठ खात नसे. 'सोमवारी' हा शब्द त्या ओळीत बसत नव्हता. तो असला की ओळ घरगुती व्हायची, शेजारणीने सांगितल्यासारखी. काढला की कशी घुमायची! तो शब्द निकेतने काढला नव्हता, अमिषाने काढला नव्हता, भाविकानेच काढला होता. आणि लेबलच्या मागे 'सखुबाईच्या हातचं मीठ' असं जे छापलं होतं, तेही खरं नव्हतं. अल्पेशने ते मडकं उघडून पाहिलं होतं, थोडं मीठ पाण्यात विरघळवलं होतं, आणि तळाशी बसलेला गाळ तिला दाखवून तो शांतपणे म्हणाला होता, "हे टाकीत नाही घालता येणार गं. चिखल आहे यात. सगळी बॅच जाईल." त्याने बाजारचं धुतलेलं मीठ घातलं. "मडकं राहू दे की," निकेत म्हणाला, "दिसायला काय कमाल आहे यार." तेव्हा भाविकाला दुखलं होतं ते चिखल या शब्दाने. खोटं छापलं जाणार, याचं काही वाटलं नव्हतं. निदान मडक्यातलं तरी खरं आहे, असं तिने स्वतःशी धरलं होतं. आता तेही दीडशे जिभांवरून गेलं होतं, आणि तिथे पिशवीतलं मीठ दिव्याखाली पांढरंफटक चमकत होतं.

हे सगळं सुरू कुठून झालं, ते तिला नेमकं ठाऊक होतं, आणि तिथेच तिचं मन पुनःपुन्हा जाऊन आपटत होतं. काचेच्या भिंतींची खोली होती. निकेत म्हणत होता, चव सगळ्यांकडे असते, आपल्याला गोष्ट पाहिजे. ज्याने त्याने काहीबाही सांगितलं. कुणाची सिंधी आजी, कुणाच्या काकांचं जहाज. भाविका त्या खोलीत नेहमी शेवटच्या खुर्चीवर बसायची आणि बोललेलं लिहून घ्यायची. तिच्या बोलण्यात मधूनच 'न्हाय' निसटायचं, म्हणून ती कमी बोलायची. त्या दिवशी कोण जाणे काय झालं, ती म्हणाली, "माझी आई मिठागरात काम करायची. आणि ती सोमवारी मीठ खात नाही." आणि खोली गप्प झाली. सगळ्यांनी तिच्याकडे मान वळवली. ती शांतता तिला आजही जिभेवर जाणवत होती, गुळाच्या खड्यासारखी. असं कुणी तिचं ऐकलं नव्हतं. निकेतने हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "का नाही खात?" आणि तिथे तिला थांबता आलं असतं. 'देवाचं काहीतरी आहे' एवढं म्हणून पाणी पिता आलं असतं. ती थांबली नाही. तिने सांगितलं. सगळं सांगितलं, नीट रंगवून, मध्ये एकदा आवाज थोडा खाली आणून.

नऊ वर्षांची असताना ती उघाडीत पडली होती. उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधाला ठेवलेलं लाकडी दार. भरतीचं पाणी त्यातून आत घेतात. ती पाण्याचा जोर बघायला वाकली आणि आत खेचली गेली. बाबाजी म्हणून एक म्हातारा बांधावर विडी ओढत बसला होता, त्याने केसांना धरून तिला वर काढली. त्यानंतर दोन दिवस तिने डोळे उघडले नव्हते, असं सगळे सांगत. तिला स्वतःला फक्त पाण्याचा तपकिरी रंग आठवत होता, आणि त्यात आपलीच एक चप्पल लांब जाताना. सोमवारचं कारण तिला पुढे पाच वर्षांनी कळलं. आई विहिरीवर तिच्या केसांना शिकेकाई लावत होती आणि भाविका कटकट करत होती, की दर सोमवारी तुझं वेगळं पातेलं कशाला, घरात सगळ्यांना कालवण आणि तुला अळणी वरण, हे काय. आईचे हात केसांत थांबले. "तू पडलीस तवा मी महादेवाला बोलले," आई म्हणाली. "म्हनलं, हिला ठेव. तुझ्या वाराला मी मीठ खायची न्हाय." मग तिने तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं आणि पाण्यातूनच भाविकाला पुढचं ऐकू आलं. "पन कुनाला बोलू नको हां, बाय. तुझ्या बापाला पन ठावं न्हाय. आपल्या मनात हाय तवर ते हाय. सांगितलं की उतरतं."

सांगितलं की उतरतं. हे वाक्य त्या काचेच्या खोलीत भाविकाला आठवलं नव्हतं असं नाही. ते तिला ऐन वेळी आठवलं, आणि तिने तेही सांगून टाकलं. "वॉव," अमिषा म्हणाली होती. "म्हणजे ही गोष्ट आजवर कुणालाच माहीत नाही?" आणि भाविका हसून म्हणाली होती, "तुम्हीच पहिले."

मडकं तर आईने स्वतःच्या हाताने दिलं होतं. त्यांच्याकडे रीत होती. हंगामातली पहिली रास पडली की तिच्या माथ्यावर हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि पहिली ओंजळ बाजूला काढायची. ती विकायची नाही, उसनी द्यायची नाही, जेवणात घालायची नाही. मडक्यात भरून देव्हाऱ्याशी ठेवायची, आणि पुढच्या वर्षी नवं मीठ आलं की जुनं खाडीला परत करायचं. चार वर्षांपूर्वी बांध फुटला, आगरात खाडीचं पाणी शिरलं ते शिरलंच, आणि वाफ्यावाफ्यांतून खारफुटीची तिवरं माजली. त्या वर्षापासून नवं मीठ आलं नाही, म्हणून जुनं सोडता आलं नाही. ते मडकं तसंच देवाशी राहिलं होतं. भाविका ते मागायला गेली तेव्हा आईने विचारलं, "कशाला गो?" "आम्ही एक पेय करतोय. आपलं मीठ लोकांना कळेल." "सरबत?" "तसंच काहीतरी." आई जरा वेळ देव्हाऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. हितं पडून काय व्हायचं त्याचं? धा मानसांच्या मुखी लागंल." तिने मडक्याच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं, दोन्ही हातांनी ते भाविकाच्या हातात दिलं, आणि दिल्यावर हात कपाळाला लावले. भाविकाने त्याचाही फोटो काढला होता.

"सोमवार सोडला!" पुन्हा ओरडा झाला. निकेत गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो इतका आनंदात होता की त्याच्यावर रागावताही येईना. "अकरा मिनिटं, भाविका! अकरा मिनिटांत नोंदणी बंद करावी लागली. ऐक, पुढच्या सोमवारी नागावला करतोय. समुद्रावर, नारळाच्या वाडीत. अजून एक हजार आठ."

"पुन्हा निघणार नाही म्हणालो होतो आपण."

"ही नाही निघणार. ती वेगळी. दुसरं लेबल." त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि आईंना आण. त्या स्वतःच्या हाताने पहिली चिमूट देतील लोकांना. सोमवार आहे, त्या काही खाणार नाहीतच, नुसतं बसायचं. विचार कर, त्या समोर बसल्यात आणि मागे समुद्र. तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतील."

भाविका 'बोलते' म्हणाली. नाही म्हणायचं तिच्या तोंडात आलंच नाही. अशा जागी तिच्या तोंडात नेहमी 'हो' तयारच असे. मग तिने पुढे होऊन दिव्याखालचं मडकं उचललं. "अगं, ते कुठे?" अमिषा म्हणाली, "अजून चाळीस जण आहेत." "दुसरं ठेव," भाविका म्हणाली. "कुठलंही ठेव. कोणाला कळतंय?" हे बोलताना तिचा आवाज कापला, आणि अमिषाला वाटलं ती चिडली आहे. ती चिडली नव्हती. चिडायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

गाडीत तिने मडक्याला आईचं फडकं पुन्हा बांधलं, ते शेजारच्या सीटवर ठेवलं आणि त्याला पट्टा लावला. पनवेल मागे पडलं, कर्नाळ्याची झाडी गेली, आणि तिच्या डोक्यात एकच विचार फिरत राहिला, की आईला कळता कामा नये. कळलं तर काय होईल, हा विचार ती करत नव्हती. आईला स्मार्टफोन वापरता येत नाही, गावात कोण बघतंय असल्या गोष्टी, नागावचं काहीतरी कारण सांगून टाळता येईल, मडकं परत ठेवलं की झालं. पण मडक्यात पिशवीतलं मीठ. चाळीस वर्षं फावड्याने मीठ ओढलेल्या बाईला ते कळणार नाही? आई सोमवारी सगळ्या घराचं कालवण चव न बघता खारवायची, नुसत्या बोटांच्या अंदाजाने, आणि ते कधी चुकलं नव्हतं. पेण सोडल्यावर रस्त्याच्या कडेला मिठाच्या राशी दिसायला लागल्या, गवताने शाकारलेल्या, आणि भाविकाने गाडी थांबवली. तिच्या मनात काय आहे ते पायांना आधी कळलं होतं. पिशवीतलं मीठ नाल्यात ओतायचं, या राशीतलं दोन ओंजळी भरायचं, वरून फडकं बांधायचं. आईचं नसलं तरी आगरातलं असेल. ती मडकं घेऊन उतरली. राशीच्या सावलीत एक बाई भाकरी खात बसली होती. तिने भाविकाकडे, तिच्या पँटकडे, काळ्या चष्म्याकडे पाहिलं आणि भाकरी तशीच हातात धरून ती सवयीने उठायला लागली.

"फोटो काढायचाय ना?" बाई म्हणाली. "थांबा, पदर घेते. फावडं धरू का?"

भाविका मडकं तसंच घेऊन गाडीत येऊन बसली. कितीतरी वेळ तिने किल्ली फिरवली नाही. आरशात ती बाई अजून उभी होती, पदर घेऊन, फावडं धरून.

घरी पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. अंगणात आई आणि शेजारची तुळशी सुकट निवडत बसल्या होत्या. तुळशी भाविकापेक्षा थोडी मोठी, तोंडाने फटकळ. गाडीचं दार उघडतंय तोच ती ओरडली, "आली बघ, सखुआते, तुझी जाहिरातवाली!"

"सोमवारची कशी आलीस गो?" आई म्हणाली. "सुट्टी दिली? जेवलीस का न्हाय?"

"माझा फोटो कवा लावतीस बाटलीवर?" तुळशी म्हणाली. "का मी सखुआतेपेक्षा काली हाय?"

भाविका मडकं हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली. तिला बसावंसं वाटलं, पण कुठे बसावं ते कळेना.

"मोबाईलवर दावलं हिनं," आई सुकटीतला कचरा उडवत म्हणाली. "नाक केवढं काढलंय माझं."

"नाकाचं सोड. काय लिवलंय ते बघ!" तुळशीने हात ओच्याला पुसले, कमरेचा फोन काढला आणि शाळेतल्यासारखं ठासून वाचलं. "जिने आयुष्यभर मीठ पिकवलं, तिने बावीस वर्षं ते चाखलं नाही. आते, आन् परवा माझ्याकडं बसून सुकटीची चटनी चाटलीस ती कुनी?" तुळशी खदखदून हसली, आणि आईही हसली. पदराने तोंड झाकून, खरंच हसली. भाविका हसायला गेली आणि तिचा ओठ फक्त एका बाजूने हलला.

"आई, ते सरबत नाही," ती म्हणाली. "बिअर आहे. मी तुला नीट सांगितलं नव्हतं."

"ठावं हाय. बाटली बघितली की मी." आईने सूप आपटलं. "दारूचं काय मला नवल? तुझा आजा माडी पिऊन ह्याच अंगनात नाचायचा. मानसं पितात."

तुळशीच्या लक्षात आलं, की मायलेकींत काहीतरी आहे. ती उठली, सुकटीचं एक सूप उचललं, जाताना म्हणाली, "नागावला नेनार म्हनं तुला, आते. हिच्या सायबानं लिवलंय खाली, सखुबाईंना भेटा म्हनून. मला पन ने. पानी बी पाजीन लोकांना." आणि ती कुंपणापलीकडे गेली. निकेतने भाविकाला विचारायच्या आधीच ते मोबाईलवर टाकलं होतं. भाविकाच्या खिशात फोन थरथरत होता, तो तिने बाहेर काढलाच नाही.

"न्यायला आलीस?" आईने विचारलं.

"नाही. मडकं द्यायला आले."

आईने ते घेतलं. दिलं होतं तसंच, दोन्ही हातांनी. फडक्याची गाठ सोडली, आत बोट घातलं, चिमूट वर उचलली आणि अंगठा-बोटात चोळली. मीठ बोटांतून सरळ खाली सांडलं, बोटाला लागलंच नाही. आई ते पडताना बघत राहिली. मग तिने बोटं लुगड्याला पुसली. भाविका वाट बघत होती. आई ओरडेल, निदान विचारेल, 'आपलं कुठं गेलं?' आणि मग ती सगळं सांगेल, रडेल, पाय धरेल. तिने मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं. आईने विचारलं नाही. ती मडकं घेऊन घरात गेली. भाविका तिच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिने पाहिलं, आई देव्हाऱ्यापाशी थांबलीच नाही. तिथे मडक्याच्या बुडाचा गोल डाग अजून जमिनीवर होता. आई तो ओलांडून पुढे गेली, आणि तिने मडकं चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं, तिखटाच्या डब्याच्या बाजूला.

दिवेलागण झाली. आईने देवाला निरांजन लावलं, बेलाचं पान वाहिलं, नेहमीसारखा जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला. नमस्कार नेहमीपेक्षा लांबला, असं भाविकाला वाटलं. मग तिला वाटलं, आपण मोजत बसलो म्हणून लांबला. सोमवार सोडायला दोन ताटं मांडली. भात, त्यावर अळणी वरण, तूप. भाविकासाठी वाटीत कोलंबीचं कालवण होतं, ते तुळशीकडून आलं होतं. दोघी समोरासमोर बसल्या. आईने पाणी फिरवलं, आणि मग ती गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठली, फळीवरचं मडकं खाली घेऊन आली, आणि चिमूटभर मीठ तिने स्वतःच्या भातावर टाकलं.

"आई," भाविका म्हणाली. "आज सोमवार आहे."

"व्हय." आई भात कालवत होती. "उतरलं ना आता ते." ती हे, शेवटची एसटी गेली असं सांगावं, तशा आवाजात म्हणाली. तिने पहिला घास घेतला, आणि तो जरा वेळ तोंडात तसाच ठेवला. बावीस वर्षांत या वाराला त्या जिभेला मीठ लागलं नव्हतं. आईचा चेहरा बदलला नाही. फक्त डोळे थोडे बारीक झाले, उन्हात लांबचं कुणी ओळखायचा प्रयत्न केल्यासारखे. "खारट लई हाय गो हे," ती म्हणाली. "पिशवीतलं असंच असतं. थोडंच घ्यावं." आणि तिने मडकं भाविकाकडे सरकवलं. "घे."

"नको."

"वरन अळनी हाय."

"असू दे."

"कालवन तरी घे. पोट बिघडलंय?"

"असंच," भाविका म्हणाली. तिने कालवणाची वाटी हळूच ताटाबाहेर ठेवली आणि अळणी भात तोंडात घातला. कारण सांगायचं नाही. या वेळी सांगायचं नाही, कुणालाच नाही, हिलाही नाही. तो घास गिळताना तिला पहिल्यांदाच त्या दिवसात काहीतरी स्वच्छ वाटलं. आणि दुसरा घास घेईपर्यंत तिच्या डोक्यात एक ओळ तयार झाली होती. 'आईने मीठ घेतलं, त्या दिवशी मुलीने सोडलं.' विराम योग्य जागी. वाजतही होती छान. नागावच्या लेबलला. ती ओळ तिने बनवली नव्हती, ती आपोआप आली होती, हात धुतल्यावर साबणाचा वास यावा तशी, आणि ती पुसता येईना. भाविकाचे कान तापले. ती मान खाली घालून घास चावत राहिली. भात बेचव होता, आणि ती ओळ चावली जात नव्हती.

आई तिच्याकडे बघत होती. तिने कालवणाच्या वाटीकडे पाहिलं, मग पुन्हा मुलीच्या तोंडाकडे. काय कळलं, किती कळलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिने आपलं ताट पुसून संपवलं, त्यात हात धुतले, आणि ओल्या हाताने भाविकाच्या कपाळावर आलेले केस मागे सारले, विहिरीवर सारायची तसे. हात तिथेच जरा राहिला.

"नागावला तू जाशील ना कामाला?" आई म्हणाली. "समुद्रावर हाय म्हनं ते."

भाविकाने मान हलवली.

"पान्याजवल जाऊ नको, बाय," आई म्हणाली. "आता जपून ऱ्हा."